पाठीमागचा पंखा

चुण्यांचा गठ्ठा पुन्हा बोटांतून निसटला तेव्हा तांडम्माने आधी दाराकडे पाहिले. दार बंद होते. तिने कमरेला नेसायच्या पांढऱ्याशुभ्र मुंडूचे टोक मांडीवर ओढले आणि पहिल्यापासून चुण्या घालायला घेतल्या. सांधे सुजल्यापासून बोटे ऐकत नव्हती. घरात हे कुणाला कळलेले नाही, असा निदान तिचा हिशेब होता.

कमरेमागे खोचलेला हा चुण्यांचा पंखा नेसणारीला दिसत नाही. चर्चमध्ये मागे उभ्या राहणाऱ्या बायकांना दिसतो. तांडम्माने जन्मभर त्यावरच घरे तोलली होती. पंखा विस्कटलेला, तर घर विस्कटलेले. चुणी ढिली, तर सून आळशी. तिने एकदा नाक मुरडले की मीनच्चिल नदीच्या पलीकडून आलेली सोयरीकही अडायची.

ती बाहेर आली तर ओसरीवर सून उभी. सोसम्माच्या अंगावर फिकट पिवळी साडी होती.

“हे काय?”

“शाळेत शिकवायला रोज हीच नेसते ना, अम्मच्ची. म्हटलं, आज चर्चलाही...”

“शाळेत तुला पोरं बघतात. चर्चमध्ये देव बघतो.”

“देवाला साडी चालत नाही?”

“देवाला एक वेळ चालेल. पण आपल्या घरची बाई साडीत आली तर मी चर्चची पायरी चढणार नाही, असं चारचौघींत बोलून बसलेय मी. त्यातली कुंजेली मला शब्दात पकडायला टपूनच आहे.”

सोसम्माची नजर सासूच्या कमरेमागे गेली आणि क्षणभर तिथेच थांबली. मग ती आत गेली आणि सासूसारखाच चट्टा-मुंडू, वर पांढरा सैल झगा नि खाली मुंडू, घालून आली. तांडम्माला जिंकल्यासारखे वाटले; फक्त ते इतके स्वस्तात कसे, हे उमगले नाही.

चर्चमध्ये गुडघे टेकून उठताना कमरेशी काहीतरी सैल झाले. तिच्या कानशिलांना घाम फुटला. हात मागे नेला असता तर सगळ्यांना कळले असते. मान वळवायचीही सोय नव्हती. प्रार्थनेत मागे वळून पाहणारी बाई उथळ, हा नेम तिनेच घालून दिला होता. चुणी सरकली. त्यामागून दुसरी.

तेवढ्यात कमरेला बोटे लागली. कुणीतरी अगदी जवळ येऊन उभे राहिले होते. बोटांनी घाई न करता एकेक चुणी उचलली, दुमडली, खोचली, आणि मग ती मूठ तिथेच घट्ट राहिली. तांडम्मा समोर वेदीकडे पाहत राहिली. खाली बसताना मूठ खाली बसली, उठताना उठली. वेदीवरच्या अच्चनचे, म्हणजे पाद्रीबाबांचे, प्रवचन त्या दिवशी कधी नव्हे इतके लांबले.

बाहेर पडताच कुंजेलीने गाठलेच.

“काय गं तांडम्मा, आज सून पाठीला गोचिडासारखी चिकटलेली! स्वर्गात लवकर ढकलत होती की काय?”

“तुझी सून चिकटत नाही, याचं वाईट वाटतं होय तुला?”

कुंजेली हसली, पण जाता जाता मागून एक नजर टाकायला विसरली नाही. पंखा जिथल्या तिथे होता.

सोसम्मा उजव्या हाताची बोटे उघडमीट करीत शेजारी आली.

“चला अम्मच्ची. न्याहारीच्या अप्पमचं पीठ फुगून वर आलं असेल.”

बांधावरून दोघी घराकडे निघाल्या. नारळीच्या बागेपाशी तांडम्माने पावले हळू केली. मग म्हणाली,

“त्या साडीच्या चुण्या कुठं असतात गं?”

“पुढे.”

“पुढे? म्हणजे नेसणारीला स्वतःला दिसतात?”

“हो.”

तांडम्मा चार पावले तशीच चालली. बांधावर चिखल होता. तिने मुंडू वर धरला, तो धडपणे धरवेना, तेव्हा त्याचे टोक सुनेच्या हातात दिले.

“पुढच्या रविवारी नेस ती पिवळी,” ती म्हणाली. “उभी मात्र माझ्या मागेच राहा.”