धारोष्ण दुधाचा आकडा

दुधात काचेची दांडी उभी केली की तिच्याभोवती दूध किंचित वर चढते. फार नाही, माझ्यावरच्या अर्ध्या रेघेइतके. पाहणाऱ्याने वाकून डोळा दुधाच्या पातळीला आणला नाही, तर तेवढ्यानेही आकडा चुकतो.

मित्रांनो, मी एक जुना लॅक्टोमीटर आहे. नगरला सावेडीत मला सगळे नुसते ‘काटा’ म्हणत. खाली काचेचा फुगा, त्यात शिशाचे छर्रे, वर बोरूसारखी बारीक दांडी आणि दांडीच्या आत पंधरापासून चाळीसपर्यंत आकडे लिहिलेली कागदाची पट्टी. दूध घट्ट असेल तर मी वर तरंगतो, पातळ असेल तर खाली बुडतो. मला येते ते एवढेच. मी खरे बोलतो असे लोक म्हणत. त्या कौतुकाची मला आज लाज वाटते. का, ते सांगतो.

एका काच कारखान्यात कुणा कारागिराने फुंकर घालून मला घडवले. मग एक लांबट लाकडी पेटी, पेटीत घडी केलेले इंग्रजी पत्रक, आणि मी नगरला आलो. मला विकत घेणारे नृसिंह हे शाळामास्तरांचे चिरंजीव. बारा वर्षे कारकुनी करून कंटाळले आणि बहात्तर सालच्या गुढीपाडव्याला त्यांनी सावेडीत दुधाचे दुकान काढले. पेटीत मी फुटू नये म्हणून त्यांनी ते पत्रक न वाचताच आणखी एक घडी घालून माझ्याखाली गादीसारखे पसरले.

तेव्हा सावेडीतल्या ज्वारीच्या वावरांत चुन्याच्या फक्क्या पडत होत्या. फक्कीच्या जागी पाया, पायाच्या जागी बंगला. आमच्या ओळीत आधी पिठाची गिरणी आली, मग तासावर सायकली देणारा आला, मग फिरत्या खुर्चीचे सलून. त्या खुर्चीत बसायला माणसे दाढी वाढवून येत. पूर्वी भाजी, दूध, बांगड्या, सगळे दारावर यायचे. आता माणसे दुकानावर येऊ लागली आणि फळीवर मांडलेल्या वस्तूवर दारातल्या माणसापेक्षा जास्त विश्वास टाकू लागली. आमच्या पाटीवर लिहिले होते : ‘येथे काटा लावलेले शुद्ध दूध मिळेल.’ नृसिंह सकाळी सगळ्यांदेखत मला प्रत्येक गवळ्याच्या दुधात सोडत. अठ्ठावीसच्या खाली आकडा आला की दूध परत.

दुकानाच्या मागे, दोन वावरे ओलांडून मालनबाईंची वस्ती होती. त्यांची एकच म्हैस. बारा वर्षांपूर्वी पहिले दोन-चार बंगले उठले तेव्हापासून पाच-सहा घरी त्यांचा रतीब होता, आणि उरलेले दूध त्या आमच्याकडे घालत. बाकीचे गवळी सायकलला कॅन बांधून आठ-दहा मैलांवरून येत. मालनबाई मात्र धार काढायच्या आणि तशीच चरवी घेऊन यायच्या. त्यांच्या दुधावर फेस असे, चरवी हाताला ऊबदार लागे. “माझं दूध घरला जाईस्तवर निवत न्हाई,” हे त्या मोठ्या तोऱ्यात सांगत. चार महिने नृसिंहांनी शेजारधर्म म्हणून त्यांच्या दुधाला काटा लावलाच नव्हता.

श्रावणातली ती सकाळ होती. पावसाने पाठ फिरवली होती आणि गिऱ्हाइकांची रांग गिरणीपर्यंत गेली होती. रांगेतून पोष्टातले राधाकृष्ण म्हणाले, “अहो नृसिंहराव, सगळ्यांना काटा आणि शेजाऱ्यांना सूट?”

नृसिंहांनी हसत मला मालनबाईंच्या दुधात सोडले. मी बुडालो. आणखी बुडालो. पंचविसावर थांबलो.

नृसिंहांचे हसू मावळले. त्यांनी मला पुसून पुन्हा सोडले. पुन्हा पंचवीस.

“मालनबाई, पंचवीसच आलाय. यात पाणी आहे.”

“पानी? कुनी घातलं? म्या तर न्हाई घातलं.”

“काटा काही खोटं सांगत नाही.”

“तुमचा काटा काल आला, भाऊ. मी हितं बारा वर्सं दूध घालती.”

राधाकृष्णांना चेव आला. “दुष्काळात तुमच्या विहिरीला बरं पाणी आहे, मालनबाई! आम्हालाही दोन हंडे पाठवा की.” रांग हसली.

मालनबाईंनी चरवी उचलली. “पानी आसतं तर म्हशीला पाजलं आसतं,” एवढेच बोलून त्या निघाल्या. दुधाचा एक ओघळ मातीत पडत गेला.

आठवड्याभरात त्यांचे रतीब तुटले. नृसिंहांनी कुणाला तोडा म्हटले नव्हते. आकडा रांगेने ऐकला होता, तेवढे पुरले. त्यांचे यजमान भिमाजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आणि मालनबाई आमच्या दुकानावरून जायला नको म्हणून गिरणीमागचा लांबचा रस्ता धरत. पदर पुढे ओढलेला, नजर खाली. मी पेटीत असे, पण झाकण किलकिले असले की फटीतून मला ती वाट दिसे.

गणपती उठले त्या आठवड्यात नृसिंहांच्या पत्नी शोभाताईंनी माझी पेटी स्वच्छ करायला काढली. त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. माझ्याखालचे पत्रक त्यांनी उलगडले आणि उभ्या उभ्या वाचले. दुसऱ्या दिवशी स्वतः वस्तीवर जाऊन त्यांनी मालनबाईंकडून आपल्या डोळ्यांदेखत धार काढून घेतली. घरी येऊन मला सोडले : पंचवीस. मग ते भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून दिले. शाळेतून परतल्यावर मला पुन्हा त्याच दुधात सोडले : अठ्ठावीस, किंचित जास्तच.

“अहो, इकडे या. ताजं दूध ऊन असतं, फेसाळ असतं, म्हणून ते हलकं भरतं. निवेपर्यंत थांबा, असं या कागदावर छापलंय. त्या बाईंनी थेंबभर पाणी घातलेलं नव्हतं. बाकीच्यांचं दूध वाटेतच निवून येत होतं.”

नृसिंहांनी पत्रकाची पुन्हा घडी घातली आणि ते पेटीत ठेवले. “सांगतो त्यांना.”

“सगळ्यांसमोर बोललात ना? मग सगळ्यांसमोरच सांगा.”

“सांगतो म्हटलं ना. पण लगेच नको. लोक म्हणतील, याला काटाच लावता येत नाही. दुकान नवं आहे.”

दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक दूध निवू देऊन मग मला सोडू लागले. कुणी कारण विचारले तर म्हणत, “आमची पद्धत आहे.” मालनबाईंना मात्र सोमवारी सांगू म्हणाले, मग पितृपक्ष झाल्यावर म्हणाले, मग दसरा होऊ दे म्हणाले. दसऱ्याला त्यांनी माझ्या पेटीला हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. पत्रक तेव्हाही माझ्याखालीच होते. मित्रांनो, काचेला घाम येत नाही. येत असता तर त्या दिवशी आला असता.

मी दाखवलेला आकडा खोटा नव्हता, म्हणून मी निर्दोष, असे मी स्वतःला पुष्कळ वेळा समजावून पाहिले. ते जमले नाही. दूध किती हलके ते मी सांगितले होते. का हलके, ते मला ठाऊक नव्हते, आणि माझ्या आकड्याने एका बाईचे नाव गेले. तुमच्या हातात उद्या कुठलेही माप येईल. त्याच्यासोबत आलेला कागद आधी वाचा. आणि मापाने कुणाला कमी ठरवण्यापूर्वी एकदा थांबा, तासभर तरी थांबा.

दिवाळी झाल्यावर भिंगारचा कारभारी नावाचा म्हशींचा व्यापारी सकाळीच दुकानावर आला. मागे मालनबाई होत्या, श्रावणानंतर पहिल्यांदाच. दूध खपत नव्हते, कडबा मिळत नव्हता, म्हणून म्हैस घोडेगावच्या बाजाराला निघाली होती. त्याआधी कारभारी ती पाहायला आला होता. रांग नेहमीची होती. राधाकृष्णही होते.

कारभाऱ्याच्या हातात धारोष्ण दुधाचा वाफाळणारा तांब्या होता. “शेठ, ह्या बाई म्हनत्यात पानी कधी घातलं न्हाई. आन लोक म्हनत्यात, तुमच्या काट्यानं दूध पातळ दावलं. बाई खरी आसंल तर म्हसच पातळ दुधाची हाय, मला न्हाई परवडायची. म्हस चांगली आसंल तर बाई लबाड. लावा काटा, काय ते हुन जाऊ द्या.”

“मला लबाड म्हना,” मालनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “पर तिला नावं ठिवू नका. तिचं दूध लई चांगलं हाय.”

नृसिंहांनी मला पेटीतून काढले. मला तांब्यात सोडले असते तर मी पुन्हा पंचविसावरच थांबलो असतो. मला दुसरे काही येतच नव्हते. मागच्या दारात शोभाताई शाळेची पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या.

नृसिंहांनी मला तांब्यावर धरले. मग बाजूला फळीवर आडवे ठेवले, गल्ल्यामागून उठून ते रस्त्यावर आले आणि गिरणीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“कारभारी, म्हैसही चांगली आहे आणि बाईही खऱ्या आहेत. ऊन दुधाला काटा लावायचा नसतो, तो मी लावला. मालनबाई, श्रावणात मी तुम्हाला या सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. चूक माझी होती, आणि ती मला दोन महिने माहीत होती.”