मुठीतलं लुगडं

माझ्या सासूला तुम्ही वाईट म्हणू नका. म्हणायचं तर मी म्हणते, मला हक्क हाय.

दिवाळी झाली की आत्याबाई ऊसतोडीला जायच्या आणि लेकरू देवणीला आजीपाशी ऱ्हायचं. लेकरू म्हणजे आमचे मालक, अंगद. आईचा पदर मुठीत धरल्याबिगर त्यांना झोप यायची न्हाई. मग आत्याबाईंनी युक्ती काढली. लेकरू झोपलं की अंगावरलं लुगडं हळूच सोडायचं, दुसरं नेसायचं आणि निघायचं. सांगून गेलं तर लई रडतंय, म्हणायच्या. पोरगं उठायचं तर मुठीत लुगडं तसंच, आई न्हाई. ती दिसायची थेट उन्हाळ्यात. लग्न झाल्यावर हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. मला काय हसू आलं न्हाई.

कारण तवर मी बघून बसले होते. मी माहेरी निघाले की ह्यांची दारू सुरू. बाजारातून यायला उशीर झाला की दारू. माझ्यावर संशय म्हणून न्हाई, मी माघारी येते हेच त्यांना खरं वाटायचं न्हाई. कधी कधी तर मी निघायच्या आधीच भांडण काढून मला हाकलायचे आणि मग उंबऱ्यावर बसून रडायचे. जीव जळायचा माझा, आणि रागही यायचा. मी काय त्यांची आई होते का?

आमची पोरगी शिवांगी चार वर्षांची झाली तवा ते आपणहून म्हणले, "बबिता, मला लातूरला ने. व्यसनमुक्तीला ऱ्हातो मी. पण जाताना मला सांगून जा. झोपेत टाकून जाऊ नको."

"सांगून जाईन," म्हणलं, "पोरीची आण."

आत्याबाई आणि पोरगीही संगं आल्या. लातूरला ह्यांना खाट दिली, इंजेक्शन दिलं. मी त्यांच्यासाठी साबण आणि टॉवेल आणायला खाली गेले. माघारी आले तर आत्याबाई पोरीला घेऊन फाटकात उभ्या.

"चल, गाडी चुकंल," म्हणल्या.

"त्यांना सांगून येते."

"म्या सांगितलं की. तोच म्हणला, जावा आता. साबण दे वॉचमनपाशी."

मी विश्वास ठेवला. गाडी लातूरच्या बाहेर पडली तवा पोरीच्या अंगावर घालायला काही हाय का म्हणून पिशवीत हात घातला. आत्याबाईंनी घरून घेतलेलं जुनं लुगडं त्यात न्हवतं.

"लुगडं कुठाय तुमचं?"

"अंगदच्या मुठीत दिलंय," त्या म्हणल्या. "लई निवांत झोपलाय बघ. कशाला उठवायचं? रडला असता."

कंडक्टरच्या हातापाया पडून गाडी थांबवली, रिक्षा करून दोघींना घेऊन माघारी आले. ते खाटेवर बसलेले, लुगडं मांडीवर.

"मी आले की हो," म्हणलं. "मला खोटं सांगितलं. मी निघालेच नसते."

ते चिडले न्हाईत. चिडले असते तर बरं झालं असतं. "व्हय," एवढंच म्हणले आणि चपला शोधायला लागले. केंद्रातल्या बाईंनी लई समजावलं. मीही पाया पडले. संध्याकाळी ते आमच्यासंगंच देवणीला आले, स्टँडवर उतरून सरळ दारूच्या दुकानात गेले. आता सकाळपासूनच चालू असतं. लातूरचं नाव काढू देत न्हाईत.

काल दुपारी मी तूर निवडत बसले होते. शिवांगी बापाच्या कुशीत झोपलेली, सदऱ्याचं टोक मुठीत धरून. त्याबिगर तिलाही झोप येत न्हाई. हे उठले. गुंड्या सोडल्या, एक बाही काढली, मग दुसरी, पोरीची मूठ जरासुद्धा हलू न देता. सदरा तिच्यापाशी ठेवला आणि बनियनवरच दाराकडं निघाले.

मी दारात आडवी उभी ऱ्हायले. "तिला सांगून जावा."

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"उठवू नको," म्हणले. "रडंल ती."