आत्या फाटकावर होती का?

निबंध तिसऱ्यांदा परत आला तेव्हा धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली तरी घरात ती अजून धाकटीच होती. विषय तिनं हौसेनं निवडला होता: बाटल्यांच्या कारखान्यातला जुना संप. आता तोच मानगुटीवर बसला होता.

आधी तिनं इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातून माहिती उचलली. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, "ही दुसऱ्यांच्या लिखाणाची गोळाबेरीज. ओळख करून घ्यायला ठीक, आधार म्हणून नाही." मग तिनं एक पुस्तक दाखवलं, त्यानंतर वर्तमानपत्रातला लेख. मॅडमनी लेखाच्या तारखेवर बोट ठेवलं. "संपानंतर वीस वर्षांनी लिहिलाय. पुस्तकासारखाच दुय्यम स्रोत. मला प्राथमिक हवा. त्या दिवसांतली बातमी, पत्रक, नाहीतर तिथं हजर असलेलं माणूस."

ग्रंथालयात त्या वर्षीच्या अंकांचा ओल लागून लगदा झाला होता. राहिलं माणूस. धाकटीची आत्या त्याच कारखान्यात बाटल्या तपासायची.

आत्या खुलली. "अगं, आम्ही बायका हातात हात घालून फाटकावर उभ्या! साहेबाची पांढरी गाडी आली, आम्ही हललो नाही. शेवटी तो उतरून चालत आत गेला."

धाकटीनं सगळं रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन मोठ्यानं लावलं. भाजी चिरता चिरता आई म्हणाली, "ताई कुठल्या फाटकावर? दादाच्या वेळी माझं बाळंतपण करायला त्या इथं होत्या. संप मिटला तरी इथंच होत्या."

धाकटीनं लेख काढला. हातात हात, पांढरी गाडी, चालत गेलेला साहेब, सगळं त्यात होतं. तिला रडावं की ओरडावं कळेना. ती तशीच आत्याकडे गेली.

"आत्या, तू हे पेपरात वाचलंस ना?"

"म्हणजे मी थापा मारते?"

"तसं नाही गं. पण तेव्हा तू आमच्याकडे होतीस, आई म्हणते."

आत्या हळूच म्हणाली, "पण मला ती गाडी दिसते गं." मग तिचा आवाज चढला. "सगळ्या जणी तिथं, आणि मी लंगोट उकळत बसलेली! परत गेले तर कुणी धड बोलेना. म्हणे, तू होतीस कुठं?"

दुसऱ्या दिवशी धाकटीनं मॅडमना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "संपात काय घडलं, यासाठी आत्यांचा उपयोग नाही. पण संप लोकांच्या आठवणीत कसा राहिला, यासाठी त्या प्राथमिक स्रोत आहेत! तुझा तो वर्तमानपत्रातला लेखसुद्धा. प्रश्न बदल."

"मॅडम, सोमवारी द्यायचाय!"

"मग लाग कामाला."

प्रश्न बदलला की स्रोताचा प्रकारही बदलतो, हे आधी सांगायला काय झालं होतं? धाकटी दातओठ खात पुन्हा आत्याकडे गेली.

"लिही की," आत्या म्हणाली. "फक्त मी फाटकावर नव्हते, एवढं लिहू नकोस."

"अगं, तेच तर लिहायचंय!"

"मग माझं काहीच लिहू नकोस."

धाकटीनं गयावया केली, रुसून पाहिलं, आईला मध्ये घातलं. आत्या बधली नाही. शेवटी रविवारी जुनाच निबंध तिनं नीट उतरवला, लेखापुढे 'दुय्यम स्रोत' असं स्वच्छ लिहिलं आणि आत्याला वगळलं.

निबंध आला तो काठावर पास होऊन. खाली मॅडमचा शेरा होता: 'आत्यांचं काय झालं?'

संध्याकाळी आत्या आलीच. "काय गं, झालीस का पास?"

"झाले."

"बघ! सांगितलं ना मी सगळं नीट?" असं म्हणून ती आईला पांढऱ्या गाडीची गोष्ट सांगायला आत गेली.