सासू, सून आणि अंबाड्यातला आकडा

शेवटचा छर्राही फळ्याच्या खालच्या कडेवर टण्णकन आपटला आणि पिंकीने बंदूक हळूच टेबलावर ठेवली.

"आजी, एकबी नाही फुटला व."

शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातली ही नऊ-दहा वर्षांची पोर. पोहरादेवीच्या यात्रेत केशरबाईंचे फुगे फोडायचे दुकान लागले की पहिले छर्रे तिने उडवायचे, हा त्यांच्या नवऱ्याने, पंजाबरावांनी घालून दिलेला रिवाज. पोरीच्या हाताने भवानी झाली की यात्रा चांगली जाते, असे ते म्हणत. दरवर्षी पिंकी सात-आठ फुगे फोडायची आणि आईकडे उड्या मारत जायची. यंदा ती चालत गेली. केशरबाईंना हे खरेच वाटेना.

कारण पिंकीच्या हातात सून होती. आणि सून कधी चुकत नसे.

दुकानात एअरगन दोनच, एक सासू आणि दुसरी सून. नावे अर्थात पंजाबरावांनी ठेवलेली. दोघी दिसायला सारख्या, काळपट दस्त्याच्या, एकाच वर्षी नागपूरहून आणलेल्या. पण सासू कधी सरळ जायची नाही. नेम धरलेल्या फुग्याच्या दोन बोटे खालीच तिचा छर्रा लागायचा. सून मात्र सांगितले तिथे जायची. कोणाच्या हातात कोणती द्यायची, हा सगळा खेळ पंजाबरावांचा. लेकरे, म्हातारी माणसे, घाबरत घाबरत बंदूक धरणाऱ्या नव्या नवऱ्या यांना सून. काळा गॉगल लावून चार दोस्तांसमोर बाह्या सरसावणाऱ्यांना सासू. "घ्या साहेब, ही खास तुमच्यासाठी ठेवली," असे म्हणून दोन्ही हातांनी अदबीने पुढे करायचे. साहेबांचे दहाच्या दहा छर्रे वाया जायचे, दोस्त खिदळायचे. मग पंजाबराव सून उचलायचे आणि दोन छर्रे फुकट द्यायचे. दोन फुगे फुटायचे, साहेबांचा चेहरा पुन्हा जागेवर यायचा.

"माणसाची जिरवाची," रात्री भाकर मोडता मोडता ते केशरबाईंना सांगत, "पण बिनइज्जतीचा घरी पाठवाचा नाही."

ते पंजाबराव कापूस वेचणीच्या दिवसांत गेले. शेलूबाजारच्या आपल्या सायकल दुकानात बसून एका ट्यूबला पंक्चर लावत होते, तिथेच भिंतीला टेकले. लोकांना वाटले डुलकी लागली. माणूस असा कोणाला त्रास न देता गेला, हे सगळ्यांनी कौतुकाने सांगितले. केशरबाईंना मात्र त्याचाच राग होता. थोडा त्रास दिला असता तर काय बिघडले असते?

त्यानंतरची ही पहिली यात्रा. मुलगा उत्कर्ष याचे शेलूबाजारला मोबाईलचे दुकान. त्याच्या मते फुग्यांचा जमाना संपला होता. जंपिंगवाल्या बाबूलालने त्याच्याशी बोलणे केले होते: दुकानाची जागा द्यायची, तिथे हवा भरलेला रबरी हत्ती उभा राहील, पोरे त्याच्या सोंडेवरून घसरतील, आणि उत्कर्षची त्यात भागी राहील.

"माय, यंदाची यात्रा करून पाह्य तू," उत्कर्ष म्हणाला होता. "जमलं तं ठेवू. नाही जमलं तं जागा बाबूलालले देऊन टाकू. मंग रडाचं नाही."

"नाही रडत," केशरबाईंनी शब्द दिला होता.

आता ऊन डोक्यावर आले होते, उत्कर्ष मागे फुगे फुगवत बसला होता. लाल-काळ्या घेरदार फेटिया-घागऱ्यांतल्या, आरशाआरशांच्या कांचळी-चोळ्या घातलेल्या बंजारा बाया दर्शनाहून परतत होत्या. जिपांचे कर्णे वाजत होते. गर्दी तर मायंदाळ होती, पण दुकानापुढे येणारा प्रत्येक जण हात हलवत परत जात होता. पिंकीनंतर सुनेने सकाळी चुकूनमाकून एकदोन फुगे तरी फोडले होते. दुपारपर्यंत तिने मानच टाकली.

तेवढ्यात हरीओम नावाचा एक गडी आला. धानोऱ्याकडचा शेतकऱ्याचा पोरगा, डोळ्यांवर गॉगल, सोबत तीन दोस्त. केशरबाईंनी त्याच्यापुढे सासू सरकवली. "खास तुमच्यासाठी" म्हणायला तोंड उघडले, पण वाक्य पुरे झाले नाही. ते वाक्य पंजाबरावांच्या आवाजातले होते. हरीओमचे दहाही छर्रे वाया गेले. दोस्त हसले. रिवाजाप्रमाणे केशरबाईंनी सून दिली, दोन छर्रे दिले. तेही वाया गेले.

हरीओमने गॉगल काढला. त्याचे कान लाल झाले होते.

"दोन्ही बंदुका वाकड्या हायेत हो!" तो गर्दीकडे वळून ओरडला. "लूट चालू करून राह्यली ही बाई! कोणी येऊ नोका इथं!"

लोक थबकले, पाहिले, पुढे सरकले. पंजाबरावांच्या दुकानाला लूट म्हणणारा आजवर कोणी भेटला नव्हता. बाबूलाल पलीकडून सगळे बघत होता. तो जवळ आला. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला उशीर करणाऱ्यांतलाही नव्हता.

"भाभी, मनाले लावून घेऊ नोका. पुरानी चीज हाय. पंजाबभाऊसंगं गेली समजा."

केशरबाई खाली बसल्या. त्यांनी सून मांडीवर घेतली. इतक्या वर्षांत त्यांचे काम फुगे फुगवायचे आणि फळ्यावर बांधायचे. बंदुकीच्या अंगाला फक्त पंजाबरावांनी हात लावायचा. पण बघणे तर कोणी बंद केले नव्हते.

छर्रा भरायचा तर ही बंदूक अडकित्त्यासारखी मधोमध मोडावी लागते. नळी आणि दस्ता यांच्या सांध्यात एक जाड खीळ असते, तिच्याभोवती नळी खाली झुकते आणि परत वर येते. नळीने फिरावे, खिळीने मात्र जागा सोडू नये. तीही नळीबरोबर फिरायला लागली तर दर खेपेला केसभर सुटते, सांधा ढिला होतो आणि नळी मान टाकते. म्हणून खिळीच्या डोक्याला एक खाच असते आणि शेजारी एक बारीक पेच. पेच खाचेत अडकला की खीळ हलत नाही.

केशरबाईंनी नळी डावी-उजवी हलवून पाहिली. हलली. पदराने सांधा पुसला आणि त्यांचा हात थांबला. खीळ चकचकीत होती. खाच रिकामी होती.

"उत्कर्ष, इथं आकडा होता."

"कोणता आकडा?"

"अंबाड्याचा. केसात खोचाचा."

उत्कर्षने आठवून पाहिले. "थो गंजलेला तार? थो म्या काढून फेकला ना. निंगाच्या आधी हिले साफ केली, तेल देल्लं, पान्यानं खीळ गच्च आवळली. सासूची पाळी याच्या आत जीप आली." मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून तो गडबडला. "काहून? काय झालं? मले वाटलं तुह्यं काम सोपं होईन."

पोराने चांगल्या मनानेच केले होते. तीच तर पंचाईत होती; रागवायलाही जागा नव्हती.

यात्रेच्या दिवसांत नेमकी त्याची परीक्षा असायची. वाशिमच्या वसतिगृहात राहून तो शिकला, बापाच्या दुकानात कधी उभाच राहिला नाही. त्याला कोण सांगणार की त्या गंजलेल्या तारेपायी त्याचा जन्म झाला होता?

केशरबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. याच यात्रेत त्यांच्या मामांची रसवंती होती. दुपारी दोन मैत्रिणींना घेऊन त्या फुग्यांच्या दुकानावर आल्या, त्याही मोठ्याने हसत, "दाहीच्या दाही फोडते" म्हणत. दुकानावर एक लाजरा, उंच पोरगा होता. तेव्हा बंदुकांना नावे नव्हती. पहिले पाच छर्रे वाया गेले. मैत्रिणी खिदळल्या. केशरने बंदूक खाली घेऊन नीट पाहिली, मग फुग्याच्या दोन बोटे वर नेम धरला आणि पुढचे दोन फोडले.

"तुमची बंदूक मान टाकते," ती म्हणाली. "सांध्यात ढिली हाय. मले काय येडी समजून राह्यले का?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "बारीक पेच होता जी, गर्दीत पडला कुठं तं. मातीत सापडून नाही राह्यला." मग इकडेतिकडे पाहून, धीर करून म्हणाला, "तुमच्या अंबाड्यातला आकडा देता काय?"

तिने आकडा ओढून दिला. अंबाडा सुटून पाठीवर आला. पोराने आकड्याचे एक टोक पेचाच्या भोकात घातले, दुसरे खिळीच्या खाचेत दाबले आणि पकडीने पीळ दिला. उरलेले तिन्ही फुगे फुटले. आकडा तिने परत मागितला नाही. रसवंतीवर गेल्यावर मामी ओरडली, "केस सोडून कुठं हिंडून राह्यली व?"

त्याच वैशाखात बुद्धविहारात लग्न लागले. "म्या मागणी घालाच्या आंधीच इनं आकडा देल्ला," पंजाबराव आयुष्यभर यात्रेतल्या गिऱ्हाइकांना सांगत राहिले. त्या बंदुकीचे नाव सून पडले. आणि लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत त्यांनी दुसऱ्या, धडधाकट बंदुकीचा पेच आपल्या हाताने काढून टाकला. घरात सून आली म्हटल्यावर सासू पाहिजेच की!

आता तो आकडा शेलूबाजारच्या अंगणात कुठेतरी पडला असेल, नाहीतर झाडून बाहेर गेला असेल. केशरबाईंना रडू आले. शब्द दिला होता, तरी आले.

"माय, मले मालूम नव्हतं," उत्कर्ष हळू आवाजात म्हणाला. त्याला गोष्ट पुरती कळली नव्हती, पण आपण काहीतरी फार जपलेले फेकले एवढे कळले होते.

"तुले कसं मालूम राहीन, बाप्पा. आमी घरी सांगतलंच नाही कधी." त्यांनी डोळे पुसले. "पक्कड दे इकडं."

पक्कड आली, पण आकडा कुठून आणायचा? केशरबाईंचा हात सवयीने मानेमागे गेला. तिथे बोटभर वेणी आणि रबर होते. अंबाडा बांधण्याएवढे केस राहिले नव्हते, त्याला बरीच वर्षे झाली होती.

दुकानापुढे एक जोडपे उभे होते. मंगरूळपीरकडचे असावे; पोरीच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, नवऱ्याच्या मनगटावर अजून हळदीचा पिवळेपणा. हरीओमच्या ओरडण्याने बाकीचे गेले, ही दोघे राहिली होती. नवरा म्हणत होता, "चाल वर्षाराणी, बंदुका वाकड्या हायेत म्हणते." आणि ती म्हणत होती, "थांबा ना जी जराक."

"बाई," केशरबाई म्हणाल्या, "तुह्या अंबाड्यात आकडा हाय का?"

पोरीने नवलाने पाहिले. मग काही न विचारता हात मागे नेला आणि एक आकडा ओढून दिला. गजऱ्यासकट अंबाडा घसरला.

उत्कर्ष पुढे झाला. "दे, मी करतो."

"नोको."

पहिल्यांदा आकडा वाकडाच वळला. केशरबाईंनी तो सरळ केला, पुन्हा वळवला. पान्याने खीळ आवळली, मग खाच भोकासमोर यावी म्हणून किंचित मागे घेतली. पंजाबराव इथे जीभ दातांत धरायचे. केशरबाईंचीही जीभ आपोआप दातांत गेली. एक टोक भोकात, एक खाचेत, पकडीने पीळ. बंदूक पाच-सात वेळा मोडून मिटून पाहिली. नळी फिरली. खीळ जागची हलली नाही.

"घे बाई. पहिले तूच."

वर्षाराणीने एक डोळा मिटण्याऐवजी दोन्ही मिटले आणि घोडा ओढला. फाट्! तिने डोळे उघडले तर मधला तांबडा फुगा गायब. ती खुदकन हसली, मग तोंडावर हात धरून मोठ्याने हसली. पुन्हा फाट्. पुन्हा फाट्. जाणारी माणसे वळून पाहू लागली. पिंकी बांगड्यांच्या दुकानातून पळत आली आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे घुसली. बाबूलालने पलीकडे घडी करून ठेवलेल्या आपल्या रबरी हत्तीकडे पाहिले आणि तो परत गेला.

जोडपे निघाले तेव्हा केशरबाईंनी हाक मारली. "बाई, तुह्या आकड्याचं कसं करू? मी तुले दुसरा आणून देते."

"राहू द्या, मावशी," वर्षाराणी म्हणाली. "तुमच्या बंदुकीले लागते ना."

एका हाताने सुटलेले केस सावरत ती नवऱ्यामागून गर्दीत शिरली. घरी सासू विचारेल, केस सोडून कुठे हिंडलीस. केशरबाई ती पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. त्यांना आज पंजाबरावांचा राग आला नाही. ते इथे हवे होते, एवढेच वाटले, फार वाटले.

उन्हे कलली तेव्हा दुकानापुढे पोरांची रेटारेटी होती. उत्कर्ष फुगे फुगवून फुगवून दमला होता. बाबूलालचे नाव त्याने दुपारपासून काढले नव्हते. मधेच उसंत मिळाली तशी त्याने सासू उचलली, पाना घेतला.

"माय, हिलेबी आकडा लावून टाकू का? दोन्ही सरळ होतीन."

केशरबाईंनी त्याच्या हातातून पाना काढून घेतला.

"तिले राहू दे. थे तुह्या बापाची खोडी हाय."

तेवढ्यात समोरून हरीओम आला. गॉगल पुन्हा डोळ्यांवर, दोस्त पुन्हा मागे. "मावशी, बंदूक सुधरली म्हणे? आता पाहतोच."

केशरबाईंनी पदर सारखा केला. सासू उचलली आणि दोन्ही हातांनी अदबीने पुढे धरली.

"घ्या साहेब," त्या म्हणाल्या, "ही खास तुमच्यासाठी ठेवली."

या खेपेला वाक्य पूर्ण झाले. हरीओमने बाह्या सरसावल्या, नेम धरला. आणि केशरबाईंनी डब्यातून सुनेसाठी दोन छर्रे काढून आपल्या मुठीत आधीच धरून ठेवले.