मूठभर जास्त

"मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्या बायकांना उपाशीपोटी पायऱ्या चढवू नकोस," सिस्टर रोडिंगी म्हणाल्या, तेव्हा मी चर्चच्या दारावर कागद चिकटवत होते. चिकटपट्टीचा तुकडा माझ्या दातांत होता आणि पाठीला बांधलेली माझी पोर किमी मागून केस ओढत होती.

"खाऊनच येतात हो सगळ्या."

"कोण म्हणालं?"

"त्याच म्हणाल्या."

सिस्टर तीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी गल्लीत त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांनी कागद वाचला. वर मी लाल शाईनं लिहिलं होतं, 'देह देवाचं घर. घास सोडा, मूठ वाढवा.'

"अक्षर छान आहे तुझं," एवढंच म्हणून त्या उतरून गेल्या. नर्सबाईंना सगळीकडे आजारच दिसतो, असं मी मनात म्हटलं आणि चारही कोपरे नीट दाबले.

ते वाक्य माझंच होतं. ऐझॉलमध्ये आमच्या घराघरांत भात टाकण्याआधी मूठभर तांदूळ वेगळे काढतात, ते देवाचे. आठवड्याला चर्चच्या बायका टोपली घेऊन दारोदार फिरतात आणि ते गोळा करतात. आमच्या गल्लीचं काम माझ्याकडे होतं. किमी झाल्यापासून मला जिना चढताना धाप लागायची. मी मेले तर हिचं कसं, हा एकच विचार. झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून मी श्वास बघायची. त्या हिवाळ्यात चर्चच्या वडिलांनी प्रवचनात सांगितलं की देवानं दिलेलं शरीर जपणं हीसुद्धा उपासनाच. मला आधारच मिळाला. मीच सुचवलं, पहाटे सगळ्यांनी मिळून चर्चपासून खालच्या झऱ्यापर्यंत उतरायचं, भजन म्हणत परत चढायचं. तीनशे बारा पायऱ्या. आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही, तो भात वाचेल तितके तांदूळ देवाच्या डब्यात. चर्चच्या वडिलांनाही ते आवडलं. शिकलेली सून काहीतरी वेगळं सुचवते, असं सासूबाई चारजणींना सांगत सुटल्या.

पी सियामी आमच्या घराखाली तिसऱ्या घरात राहायच्या; मोठ्या बाईच्या नावाआधी आमच्याकडे मानानं 'पी' लावतात. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला. त्या शाळेचे गणवेश शिवायच्या. बसून बसून अंग सुटलेलं आणि साखर वाढलेली. पहिल्याच दिवशी विसाव्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माझं मंदिर मोठं आहे बाई. झाडायला वेळ लागणारच."

"आणि घंटा कुठाय?" पुढून थारीनं विचारलं. ती आमच्यातली सगळ्यांत बडबडी.

"ती तुझ्या तोंडात बसवलीय ना."

पण एक दिवस चुकवला नाही त्यांनी. महिन्याभरात त्या मधल्या बाकापर्यंत न थांबता यायला लागल्या. दीड महिन्यात माझ्या बरोबरीनं. पुआनचा, कमरेला गुंडाळायच्या वस्त्राचा, कडोसा दोनदा खोचावा लागायचा, तो खोचून दाखवायच्या. चेहरा उतरला होता, पण आम्ही त्याला तेज म्हणायचो.

त्यांचा तांदळाचा डबाही भरत चालला होता. एकट्या बाईचे आठवड्याचे तांदूळ किती असणार? चौदा मुठी. त्यांचा डबा मात्र सहा माणसांच्या घराएवढा. मी तो टोपलीत ओतायची, जड लागायचा, आणि मला बरं वाटायचं.

"जेवलात का?" मी दारातूनच विचारायची.

"जेवले की."

आमच्याकडे कुणीही भेटलं की हेच विचारतात आणि उत्तर हेच येतं. ताप असला तरी, भांडण झालेलं असलं तरी.

सोमवारच्या बायकांच्या सभेत मी उभी राहून सांगितलं की गल्लीत सगळ्यांत जास्त तांदूळ पी सियामींचे आणि सगळ्यांत जास्त हजेरीही त्यांचीच. सगळ्या वळून बघायला लागल्या. पी सियामी स्वतःच्या बोटांकडे बघत बसल्या. सिस्टर रोडिंगी मागच्या बाकावर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी किमीचं टोपरं नीट करायला लागले.

फेब्रुवारीतली सकाळ होती. धुकं एवढं की खालची पायरी दिसत नव्हती. किमीला सर्दी झालेली, मी दर दहा पायऱ्यांनी वळून तिचं नाक पुसत होते. त्यामुळे पी सियामी कधी मागे पडल्या ते कळलं नाही. वळून पाहिलं तर त्या डोळे मिटून बाकाशेजारी डुलत होत्या. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. ओठांतून काहीतरी अर्धवट शब्द येत होते.

आमच्या चर्चमध्ये हे नवं नाही. भजन रंगात आलं की एखादीच्या अंगात पवित्र आत्मा येतो. ती डुलते, रडते, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोलते. अशा वेळी तिला हात लावायचा नाही, तिच्यासाठी गायचं. थारीनं लगेच आवाज चढवला. आम्ही भोवती उभ्या राहिलो आणि टाळ्यांवर गायलो. मीही गायले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, की माझ्या साध्या कल्पनेवर देवानं केवढी कृपा केली. तीन कडवी झाली. चौथ्याला त्यांचा गुडघा वाकला आणि त्या पोतं टेकावं तशा खाली बसल्या, मग आडव्या झाल्या.

तरी थारी गातच होती.

धुक्यातून सिस्टर रोडिंगी वर आल्या. त्या गटात नव्हत्या, भाजी घ्यायला निघाल्या होत्या. "गाणं बंद करा. हिच्या रक्तातली साखर उतरलीय. साखर आहे का कुणाकडे?" सहा बायकांपैकी एकीकडेही नव्हती. आम्ही सगळ्या गोड सोडलेल्या. जवळच्या घराचं दार वाजवून सिस्टरनी साखर आणवली, दातांच्या फटीतून बोटानं आत हिरड्यांवर चोळत राहिल्या, आणि सबंध वेळ माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

इस्पितळात कपडे लागतील म्हणून मी पी सियामींच्या घरी गेले. चूल गार. भाताचं पातेलं पालथं, आणि त्याच्या बुडावर धूळ बसलेली. किती दिवसांची, मला सांगता येणार नाही. गोळ्या मात्र न चुकता घेतलेल्या, पाकिटात आजपर्यंतची एकही शिल्लक राहिली नव्हती. शेजारी या आठवड्याचा डबा काठोकाठ भरलेला. शिलाई मशीनच्या वर भिंतीला एक चिठ्ठी टोचली होती. माझंच वाक्य, त्यांच्या मोठ्या मोठ्या अक्षरात उतरवलेलं. मी खाली बसले. किमी पाठीवर रडत होती, तिला खाली घ्यायचंही सुचलं नाही.

पाचव्या दिवशी त्या नीट बोलल्या. जीभ जड झाली होती. "मी नुसता चहा घ्यायचे गं. वाटायचं, एवढी वर्षं मूठभरच दिलं. थोडं जास्त देता येतंय तर द्यावं."

"मी असं सांगितलं नव्हतं, पी सियामी. दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका, एवढंच."

"मी पहिल्यांदाही एवढंसंच घेते. त्यातून सोडणार काय?" मग माझा हात ओढून म्हणाल्या, "किमीची आई, सभेत सांगू नकोस हं. बायका तांदूळ परत आणून देतील."

मी सांगितलं. मला सांगावंच लागलं. कुणी तांदूळ परत आणले नाहीत, पण दारावरचा कागद कुणीतरी काढला होता. मी काढायला जायच्या आधीच.

त्या वाचल्या. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. उजवा हात आता थरथरतो, सुईत दोरा जात नाही, आणि सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. मशीनवर चादर टाकलेली असते. आम्ही आता दुपारी चारला चालतो, पोटभर जेवून. त्या बाकावर बसून थारीची टिंगल करतात. वर्षभर मी रोज सकाळी नऊला, आमच्याकडच्या पहिल्या जेवणाच्या वेळी, त्यांच्या घरी जेवले. वेळेवर खाल्लं नाही तर पुन्हा तसंच होईल, असं सिस्टरनी बजावलं होतं.

गेल्या महिन्यात माझ्या नवऱ्याची बदली चंफाईला झाली. ऐझॉलहून इथे यायला दिवस जातो. सिस्टर रोडिंगी खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर आहेत. मी रोज नऊला फोन लावते.

"जेवलात का?"

"जेवले की."

फोनमधून काही दिसत नाही. मी किमीला भरवते आणि माझा घास तसाच राहतो. थारी जाऊन येते, पण ती दारातूनच विचारते, जशी मी विचारायची.

म्हणून तुम्हाला सांगते. कधी ऐझॉलला गेलात, तर आमच्या चर्चपासून झऱ्याकडे उतरा. मधल्या बाकाच्या डावीकडे हिरव्या पत्र्याचं घर आहे. नऊच्या सुमाराला जा. त्यांना काही विचारू नका. आत जाऊन बसा आणि म्हणा, मला फार भूक लागलीय. त्या तुम्हाला आधी वाढतील, आणि पाहुण्याला एकटं जेवू द्यायचं नसतं, म्हणून स्वतःचंही ताट घेतील. तेवढं रिकामं होईपर्यंत उठू नका.