पहिलटकरीण

तुळसाबाईंना साप चावला सकाळी आठला, आणि त्यांच्या लेकाने त्यावर पहिलं खोटं सांगितलं सव्वानऊला, मालवणच्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर.

“फुरसं होतं, मॅडम. काजूच्या बागेत बी वेचताना चावलं,” सुशांत म्हणाला. अगदी शुद्ध मराठीत, शाळेत कविता म्हणावी तसा. त्याची बायको अनुजा मागे सासूच्या चपला हातात धरून उभी होती. मे महिना अर्धा सरला होता, बागेतली काजू कधीच संपली होती. पण हे डॉक्टरीणबाईंना कोण सांगणार?

कोकणात फुरसं काही नवीन नाही, त्यावरचं औषध दवाखान्यात असतंच. बाईंनी रक्त काढून नळीत ठेवलं, वीस मिनिटांनी पाहिलं तर ते गोठलेलं नव्हतं. मग दहा कुप्या सलाइनमधून चढल्या. अर्ध्या तासात तुळसाबाईंच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला. औषधानेच कधी कधी असं होतं म्हणत नर्स धावत आली, तिने दुसरं इंजेक्शन टोचलं, तेव्हा कुठे म्हातारीचा जीव थाऱ्यावर आला. हाताची सूज मात्र कोपराकडे सरकतच होती.

“तीन वाजता रक्त पुन्हा बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोठत नसेल तर आणखी दहा कुप्या द्याव्या लागतील. यांना औषध सोसत नाहीये, जोखीम मोठी आहे. पण फुरसं असेल तर दुसरा इलाज नाही.”

असेल तर! अनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण चावला होता चापडा. झाडावर राहणारा, फांदीला वेटोळं घालून दिवसभर न हलता बसणारा विषारी साप. आणि तो बागेत नव्हता, घरात होता. आचऱ्याच्या त्यांच्या घरात, जिथे आंब्याची अढी घालायचे त्या खोलीत, प्लास्टिकच्या डब्यात. असे एकवीस डबे. सुशांतने आधी कोंबड्या पाळून पाहिल्या, मग खेकडे, मग पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. सगळ्याचे तीनतेरा वाजले. मग कुणीतरी त्याच्या कानात भरवलं, की शहरातले शौकीन लोक असले साप काचेच्या पेटीत ठेवतात, रंगाप्रमाणे भाव देतात, पिल्लं तर हातोहात उचलतात. कायद्याने बंदी आहे, तुरुंग आहे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून आईला त्याने सांगितलं, संशोधन आहे, दिल्लीहून कागद आलाय. आणि त्या भाबड्या बाईने गावभर नाक वर करून सांगितलं, माझ्या झिलाची लॅब आसा.

सापांना गारवा लागतो म्हणून त्या खोलीत एसी. आई मात्र पडवीत, घरघरणाऱ्या टेबलफॅनसमोर. रोज सकाळी डब्यांमध्ये पाण्याचा फवारा मारायचं कामही तिचंच, कारण साहेब नऊशिवाय उठत नसत. त्यातली एक तपकिरी मादी पोटुशी होती. तुळसाबाई तिला ‘पहिलटकरीण’ म्हणायच्या आणि तिच्या डब्यात फवारा जरा जास्त मारायच्या. तीच आज त्यांच्या हाताला डसली.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच होती. दोन महिन्यांपूर्वी मित्राचा फोन ठेवून सुशांतने अनुजाला फुशारकी मारली होती, “सरकारी इंजेक्शन फुरशाक चलता, घोणशीक चलता. ह्याका चलणा नाय. उगाच न्हय लोक पैसे मोजत!” म्हणजे त्याला माहीत होतं. आईच्या अंगात बिनकामाचं औषध चढताना तो शेजारी उभा राहून सलाइनचे थेंब बघत होता.

तिने त्याला बाहेर ओढलं.

“खरां सांगा डॉक्टरांक.”

“आणि माका जेलात पाठवतंस? चापड्यान माणूस सहसा मरणा नाय.”

“चापड्यान नाय मरणा, पण औषधान मरात ना आये!”

“गप रव. तोंड उघडलंस तर घरात पाय ठेवू नको.”

ती सासूकडे गेली. तुळसाबाईंनी तिचा पदर धरला आणि सुजल्या ओठांनी त्या पुटपुटल्या, “फुरसांच गो. फुरसांच सांग. पोराचा वाटोळां करू नको.”

नऊ वर्षं या सासूशी तिचं मिठापासून माशांच्या तुकड्यांपर्यंत भांडण झालं होतं. पण आजच्याइतका राग कधी आला नव्हता. आता सांगावं तरी कसं? मायलेक एका सुरात फुरसं म्हणणार, आणि सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून मोकळे होणार. डब्यांचा फोटो दाखवला तर इंटरनेटवरून उचललाय म्हणणार. दीड वाजता, सासूसाठी पेज आणते असं सांगून ती निघाली.

शेजारच्या निलेशची रिक्षा बाहेर थांबलीच होती. आचऱ्याला पोचून तिने पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. गार, ओलसर, आणि सगळीकडे डोळे. पहिलटकरणीच्या डब्याच्या दोन्ही कड्या घट्ट लावलेल्या होत्या. चावल्यावर, हाताची आग होत असताना, म्हातारीने आधी झाकण लावलं होतं. आत करवंदीच्या काटकीवर ती तपकिरी मादी निवांत बसली होती, त्रिकोणी डोकं टेकून. अनुजाने कड्यांवरून चिकटपट्टी फिरवली, डबा टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसली.

“काय आसा, वैनी, पिशवीत?” निलेशने विचारलं.

“आयेचा औषध. जोरात चल.”

खड्ड्याखड्ड्याला डबा उडत होता, आणि तिला एकच आठवत होतं. लेक रिया पोटात होती, सातवा महिना. सुशांतने तिला मोटारसायकलवर बसवून याहून वाईट रस्त्याने कुडाळला नेलं होतं. ‘हळू चालवा’ म्हटल्यावर तो हसला होता.

तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. नळीतलं रक्त पुन्हा पातळच राहिलं होतं. नर्स दुसऱ्या कुप्या फोडत होती, आणि खाटेवर तुळसाबाई डोळे मिटून सगळं सोसायला तयार पडल्या होत्या. अनुजा सरळ आत शिरली, टॉवेल ओढला आणि डबा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटला.

“ह्यां चावलां! फुरसां न्हय!”

आतली मादी काटकीवरून खाली पडली. नर्स किंचाळली. आणि सुशांत, सकाळपासून आईच्या खाटेजवळ ढिम्म उभा असलेला सुशांत, झेप घेऊन टेबलाकडे आला. दोन्ही हातांनी त्याने डबा धरला.

“आपटतंस काय गो! हळू! गाभण आसा ती!”

डॉक्टरीणबाईंनी नर्सला हातानेच थांबवलं. त्या सुशांतकडे बघत म्हणाल्या, “गाभण आहे, हे तुम्हाला कसं माहीत?”

त्याला डबा सोडवेना.

उत्तर खाटेवरून आलं. तुळसाबाईंनी डोळे उघडले होते. त्या सापाकडे बघत नव्हत्या, डबा पोटाशी धरलेल्या लेकाकडे बघत होत्या.

“चापडो तो, बाय,” त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. “घरातच चावलो माका. माझ्या झिलान पाळलेलो. लिवन घे.”

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर ओढला, ‘फुरसे’ या शब्दावर रेघ मारली आणि लिहायला घेतलं.