पानामागे एक खोडरबर

“बाई, या पानाचं काय?”

चौथीतल्या अलमासनं पुस्तकात बोट घालून विचारलं. दैवशालाबाईंनी टेबलावरचा डबा उघडून दाखवला. वासाची खोडरबरं संपली होती. अलमासनं पुस्तक मिटलं.

“अगं, गोष्ट अर्धीच राह्यली की. पुढं कोल्ह्याचं काय झालं, बघायचं न्हाई का?”

“उद्या आणा बाई. मंग वाचते.”

बाईंनी रिकामा डबा मिटला. जाफराबादजवळच्या या शाळेत ही एकटीच पोरगी आपणहून वाचायची. घरी उर्दू, तरी मराठीचं चिटोरंही सोडायची नाही. भेळ संपली की पुडीचा कागद वाचत बसायची. बाकीच्यांनाही गोडी लागावी म्हणून बाईंनी वाचलेल्या पानामागे एक खोडरबर बक्षीस द्यायला सुरुवात केली. बाकीची पोरं वस्ताद. चित्रांचीच पुस्तकं शोधून भराभर पानं उलटू लागली. त्याचं बाईंना हसूच आलं. पण त्या नादात अलमासनंही जाड पुस्तकं सोडली, हे त्यांना फार उशिरा दिसलं.

मग त्यांनी खोडरबराऐवजी तिला शाबासकी दिली, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या, शाळा सुटल्याची घंटा वाजवायचा मान दिला. अलमास घंटा वाजवायची आणि येऊन रिकाम्या डब्यात डोकावायची. बाईंचं कशात लक्ष लागेना. शिकवताना हातातला खडू मोडायचा, घरी भाकरी करपायची. चांगली वाचणारी पोर आपणच बिघडवली, हे काही डोक्यातून जाईना.

शेवटी एका संध्याकाळी त्या अलमासच्या घरी गेल्या. तिची दादी अकबरबी, मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालेली, रोज नातीकडून गोष्ट ऐकायची. दाराशी पोचल्या तर आतून अलमासचा आवाज. वाचत होती! बाईंना एवढा आनंद झाला, की हाक मारायचंही सुचलं नाही.

तेवढ्यात आवाज थांबला.

“आगे क्या हुवा? बोल ना जल्दी,” अकबरबी म्हणाली.

“पन्ना खतम, दादी. पैले फुटाने देव.”

अकबरबीनं उशाजवळची पुडी चाचपडून घेतली आणि उरलेसुरले फुटाणे नातीच्या ओंजळीत ओतले. “बस, इत्तेच हैं आज,” ती ओशाळून म्हणाली.

अलमासनं फुटाणे खिशात टाकले आणि पान उलटलं. बाई दारातच उभ्या राहिल्या. पुडीचा छापील कागद अलमासच्या पायाशी उलगडून पडला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.